नॅनोकण उत्प्रेरकाचे बीईटी पृष्ठफळ कणांच्या आकाराशी जुळत नाही, तेव्हा काय तपासावे

टीईएमच्या (पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) छायाचित्रात सेरियाचे, म्हणजे सेरियम ऑक्साइडचे, कण सरासरी दहा नॅनोमीटरचे दिसतात, त्या आकारावरून पृष्ठफळ दर ग्रॅमला ८३ चौ. मी. यायला हवे, आणि बीईटी अहवालात, म्हणजे वायू बसवून मोजलेल्या पृष्ठफळाच्या अहवालात, ५२ लिहिलेले असते. तोच नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवला की ४६ येते. तिसरी तक्रार अशी की ज्या नमुन्याचे पृष्ठफळ अधिक, त्याची उत्प्रेरक क्रिया मात्र कमी असते. या तिन्ही तक्रारी उत्प्रेरकावर काम करणाऱ्यांकडून वारंवार येतात, आणि बहुतेक वेळा दोष यंत्राकडे ढकलला जातो. यंत्र दोषी असू शकते, परंतु माझ्या मते त्याचा क्रम शेवटचा आहे. मोजलेला आकडा कशाचे पृष्ठफळ सांगतो, ते कशाच्या दर ग्रॅमला आहे आणि नमुन्यावर आधी कोणती प्रक्रिया झाली आहे, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की बहुतेक विसंगती तिथेच सुटतात.

ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर (यांच्या आद्याक्षरांवरून बीईटी) यांनी १९३८ साली मांडलेल्या पद्धतीत द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे सुमारे ७७ केल्विनला, पूडीवर नायट्रोजन किती बसतो हे मोजले जाते आणि त्यावरून एका थरापुरता लागणारा वायू गणिताने काढला जातो. एका रेणूने ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापली असे गृहीत धरल्यास, प्रमाण तापमान-दाबाला मोजलेला एकस्तरी नायट्रोजनचा एक घनसेंटीमीटर ४.३५ चौ. मी. पृष्ठफळाइतका होतो. या साऱ्या मोजणीत धातू कोणता, ऑक्साइड कोणते, सक्रिय जागा कुठे, हे नायट्रोजनला कळत नाही. जिथे त्याला पोहोचता येते ती प्रत्येक जागा तो मोजतो.

टीईएमचा आकार आणि बीईटीचा आकार यांत दीडपट किंवा अधिक फरक

गोल, भरीव आणि सुट्या कणांसाठी नॅनोमीटरमधला व्यास म्हणजे ६००० भागिले (घनता गुणिले पृष्ठफळ). यात घनता दर घनसेंटीमीटरला ग्रॅममध्ये आणि पृष्ठफळ दर ग्रॅमला चौ. मी.मध्ये घ्यायचे. सेरियाची घनता ७.२ धरली, तर ५२ चौ. मी. पृष्ठफळावरून व्यास १६ नॅनोमीटर निघतो. छायाचित्रातली सरासरी दहाच्या आसपास असताना हा १६ कुठून आला, हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे पहिले उत्तर सरासरी काढण्याच्या पद्धतीत दडलेले असते.

समजा, मोजलेल्या शंभर कणांपैकी नव्वद कण ८ नॅनोमीटरचे आणि दहा कण २४ नॅनोमीटरचे आहेत. संख्येची सरासरी ९.६ नॅनोमीटर येते आणि प्रबंधात तीच लिहिली जाते. बीईटीला मात्र व्यासांच्या घनांची बेरीज भागिले व्यासांच्या वर्गांची बेरीज, ही सरासरी दिसते, कारण ती एकूण आकारमान आणि एकूण पृष्ठफळ यांचे गुणोत्तर पाहते. वरच्या उदाहरणात ही सरासरी बरोबर १६ येते आणि त्यावरून पृष्ठफळ ५२ निघते. म्हणजे टीईएम आणि बीईटी यांच्यात मुळात भांडणच नव्हते. त्या दहा मोठ्या कणांकडे एकूण वस्तुमानाचा तीन चतुर्थांश भाग आहे, आणि छायाचित्रे काढताना सुबक, सुटे, बारीक कण असलेली जागा निवडण्याची सवय असल्यामुळे नेमके हेच कण मोजणीतून गळतात. म्हणून तुलना करण्याआधी टीईएमच्या मोजणीतून ही दुसरी सरासरी काढावी, आणि त्यासाठी जाळीवरच्या निरनिराळ्या ठिकाणांहून पुरेसे कण मोजावेत.

एवढे करूनही बीईटीचा व्यास मोठाच राहिला, तर कण एकमेकांना चिकटलेले आहेत का, हे पाहावे. भाजणीच्या वेळी दोन कणांमध्ये मान तयार होते आणि तिथले पृष्ठफळ कायमचे नाहीसे होते. सैल गुच्छात मात्र नायट्रोजन आत शिरतो, त्यामुळे निव्वळ गुच्छ दिसला म्हणून पृष्ठफळ घटते असे मानू नये. उलट बाजूने, बीईटीचा व्यास टीईएमच्या व्यासापेक्षा लहान आला, तर कणांच्या आत रंध्रे आहेत, पृष्ठभाग खडबडीत आहे किंवा पूडीत दुसरा एखादा अतिसच्छिद्र पदार्थ मिसळलेला आहे, असे समजून शोध घ्यावा. एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तनावरून) काढलेला आकार हा स्फटिकाचा असतो, कणाचा नव्हे. एका कणात अनेक स्फटिक असू शकतात, त्यामुळे तो तिसरा आकडा या दोघांमधला पंच म्हणून वापरणे योग्य नाही.

आधारद्रव्यावरचा धातू बीईटीत दिसत नाही

ही गफलत सर्वांत महाग पडते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. दर ग्रॅमला २०० चौ. मी. पृष्ठफळाच्या अॅल्युमिनावर १ टक्का प्लॅटिनम ३ नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात बसवले आहे, असे धरू. प्लॅटिनमची घनता २१.४५ असल्यामुळे या आकाराला त्याचे पृष्ठफळ दर ग्रॅम धातूला सुमारे ९३ चौ. मी. होते, आणि दर ग्रॅम उत्प्रेरकाला ते एक चौ. मी.सुद्धा भरत नाही. तेच कण वाढून १२ नॅनोमीटरचे झाले, म्हणजे धातूचे तीन चतुर्थांश पृष्ठफळ गेले, तरी बीईटीचा आकडा फार तर ०.७ चौ. मी.ने हलेल. दोनशेच्या मोजमापात दोन टक्क्यांची पुनरावृत्ती चांगली मानली जाते आणि ती चार चौ. मी. इतकी असते. अशा उत्प्रेरकाच्या बीईटी पृष्ठफळाचा आलेख क्रियाशीलतेसमोर काढला, तर तो आधारद्रव्याचा आलेख असतो. त्यातून संबंध दिसला तरी तो धातूचा नाही, आणि दिसला नाही तर आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

कार्बनवरच्या जड धातूच्या बाबतीत आणखी एक फसवा आकडा मिळतो. इंधनघटासाठी ४० टक्के प्लॅटिनम असलेला उत्प्रेरक घेतला आणि मूळ कार्बनचे पृष्ठफळ २४० होते, तर एका ग्रॅम उत्प्रेरकात कार्बनच ०.६ ग्रॅम असल्यामुळे कार्बनचा वाटा काही न बिघडताही १४४ वर येतो. त्यात ३ नॅनोमीटरच्या प्लॅटिनमचे जास्तीत जास्त ३७ मिळवले, तर अपेक्षित आकडा १८१ च्या आत असतो. मोजमाप १३० आले, तर २४० शी तुलना करून 'धातूने रंध्रे बुजवली, ४६ टक्के पृष्ठफळ गेले' असा निष्कर्ष अहवालात येतो. खरी घट यापेक्षा बरीच कमी आहे, आणि ती नेमकी किती हे धातूचा वाटा किती धरायचा यावर ठरते. निदान दर ग्रॅम आधारद्रव्याला आकडा काढून मगच घटीबद्दल बोलावे.

डिगॅसिंग आणि वजन

एकाच नमुन्याचे दोन ठिकाणी दोन आकडे आले, तर मी प्रथम डिगॅसिंगचे (मोजणीआधी नमुना निर्वातात तापवून त्यातले पाणी आणि वायू काढण्याचे) तापमान, वेळ आणि वजन केव्हा केले, एवढेच विचारतो. पूडीत १२ टक्के ओलावा असताना तिचे वजन डिगॅसिंगच्या आधी घेतले, तर १०० चे पृष्ठफळ ८८ म्हणून छापले जाते. जुलै महिन्यात मुंबई किंवा कोकणपट्टीत सिलिका, अॅल्युमिना आणि सच्छिद्र कार्बन उघड्या हवेत काही मिनिटांतही पाणी ओढून घेतात. म्हणून रिकाम्या नळीचे वजन बुच आणि भरणदांडीसह घ्यावे, डिगॅसिंगनंतर नळी कोरड्या नायट्रोजनने भरून बुचासह पुन्हा वजन करावे, आणि मोजमाप संपल्यावर तिसऱ्यांदा करावे. दुसरे आणि तिसरे वजन जुळत नसेल, तर आकड्यावर पुढची चर्चा करू नये. हेलियमने भरलेल्या नळीचे वजन नायट्रोजनने भरलेल्या नळीपेक्षा किंचित हलके लागते. पन्नास मिलिग्रॅमच्या नमुन्यात हा फरक नगण्य राहत नाही, तेव्हा तिन्ही वेळा एकच वायू वापरावा.

तापमानाची निवड ही नॅनोकणांच्या बाबतीत खरी अडचण आहे. स्थिर ऑक्साइडांसाठी ३०० °से. ही प्रथा आहे, परंतु प्रथेने प्रत्येक नमुना तापवता येत नाही. केल्विनमधल्या वितळणबिंदूच्या अर्ध्यावर, ज्याला टामान तापमान म्हणतात, घन पदार्थातले अणू पुरेसे हलू लागतात. तांब्यासाठी हे सुमारे ४०५ °से. आहे, आणि काही नॅनोमीटरच्या कणांमध्ये ही हालचाल त्याच्याही बरीच आधी सुरू होते. हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट तापवल्यावर विघटित होऊन नवी रंध्रे निर्माण करतात, त्यामुळे मोजलेला पदार्थ हा तुम्ही बनवलेला पदार्थ राहत नाही. ओलाइलअमीन, ओलेइक आम्ल किंवा पीव्हीपी (एक बहुवारिक) अशा सेंद्रिय पदार्थांचे आवरण असलेल्या कणांवर निर्वात तापवणीने आवरण पूर्ण जात नाही. नायट्रोजन मग त्या आवरणाच्या बाहेरच्या बाजूवर बसतो आणि वजनात सेंद्रिय भागही धरला जातो. अशा नमुन्याची थर्मोग्रॅव्हिमेट्री (तापवत तापवत वजन मोजणे) आधी करावी. वजन कोणत्या तापमानाला घटते आणि कुठे स्थिर होते, हे दिसले की डिगॅसिंगचे तापमान अंदाजाने ठरवावे लागत नाही. शंका उरली, तर त्याच नमुन्याचे १२०, २०० आणि ३०० °से. अशा तीन तापमानांना डिगॅसिंग करून पृष्ठफळ मोजावे: आकडा चढत जाऊन स्थिरावला तर आधी सफाई अपुरी होती, आणि चढून पुन्हा उतरू लागला तर रचना बदलू लागली आहे.

आकडेवारीच्या बेरजेत लपलेले दोष

अहवालाच्या पहिल्या पानावरचे पृष्ठफळ पाहण्याआधी बीईटी स्थिरांक 'सी' पाहावा; नायट्रोजन पृष्ठभागाला किती घट्ट धरतो, याचा तो निदर्शक आहे. तो ऋण असेल, तर बाकी काही वाचण्याची गरज नाही. सरळ रेषा अयोग्य दाबपट्ट्यात काढली गेली आहे. सॉफ्टवेअर बहुधा ०.०५ ते ०.३० हा सापेक्ष दाबाचा (वायूचा दाब भागिले त्याचा संतृप्त दाब) ठरावीक पट्टा वापरते आणि झेडएसएम-५ सारख्या सूक्ष्मरंध्री झिओलाइटवर बसवलेल्या नॅनोकणांसाठी तो हमखास चुकतो, कारण तिथे रंध्रे ०.०५ च्या आधीच भरलेली असतात. अशा वेळी रूकेरोल यांचे निकष वापरावेत: अधिशोषित (पृष्ठभागावर बसलेल्या) वायूचे आकारमान गुणिले (१ उणे सापेक्ष दाब) ही राशी जिथवर वाढत जाते तिथवरचेच बिंदू घ्यावेत, 'सी' धन असावा आणि एकस्तराशी जुळणारा दाब निवडलेल्या पट्ट्यातच पडावा. रेषेचा सहसंबंध ०.९९९९ आहे, हे पट्टा योग्य असल्याचे प्रमाण नव्हे. चुकीच्या पट्ट्यातही तो तितकाच देखणा येतो.

'सी' ऐंशी ते दीडशेच्या दरम्यान असेल, तर साध्या ऑक्साइडाच्या मध्यरंध्री पूडीसाठी आकडा भरवशाचा मानायला हरकत नाही. तो त्याहून बराच वर गेला, तर सूक्ष्मरंध्रे किंवा फार प्रबळ अधिशोषण जागा असल्याची शंका घ्यावी. पन्नासच्या खाली उतरला, तर एकस्तर कुठे पूर्ण होतो हेच स्पष्ट नसते, आणि आवरण असलेल्या कणांत असे वारंवार आढळते. सूक्ष्मरंध्री पदार्थासाठी निघालेले बीईटी पृष्ठफळ हे खरे क्षेत्रफळ नसून तुलनेचा निर्देशांक आहे, असेच धरावे आणि टी-प्लॉटने (अधिशोषित थराच्या जाडीसमोर काढलेल्या आलेखाने) बाह्य पृष्ठफळ वेगळे काढावे. धातूचे कण झिओलाइटच्या बाहेर बसलेले असतील, तर तुमच्या कामाचा आकडा बहुधा तोच असतो. हायड्रॉक्सिल गट असलेल्या पृष्ठभागावर नायट्रोजनचा रेणू आडवा न पडता कलून बसू शकतो आणि ०.१६२ हे गृहीतक वीस टक्क्यांपर्यंत डळमळते. म्हणून आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेच्या २०१५ च्या शिफारशींत सूक्ष्मरंध्रांसाठी ८७ केल्विनच्या आर्गॉनला पसंती दिलेली आहे. नायट्रोजनचा आणि आर्गॉनचा आकडा थेट एका तक्त्यात मांडू नये.

नमुना किती घेतला, हेही याच ठिकाणी तपासावे. २० चौ. मी. पृष्ठफळाची पूड ५० मिलिग्रॅम घेतली, तर नळीत सारे मिळून एकच चौ. मी. असते आणि नळीतल्या मोकळ्या जागेच्या मोजणीतली चूक संपूर्ण निकाल गिळून टाकते. नळीत निदान दहा-वीस चौ. मी. राहतील एवढी पूड घ्यावी. मौल्यवान धातूची काळी पूड तेवढी मिळत नसेल, तर क्रिप्टॉनकडे वळावे: ७७ केल्विनला त्याचा संतृप्त दाब अवघा अडीच टॉरच्या (टॉर म्हणजे पाऱ्याचा एक मिलिमीटर दाब) आसपास असल्यामुळे मोकळ्या जागेत उरणारा वायू नायट्रोजनच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी असतो.

संतृप्त दाबाच्या रकान्यात ७६० हा आकडा हाताने भरलेला दिसला, तर थांबावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब ७१० टॉरच्या आसपास असतो. ७६० धरल्याने बीईटी पृष्ठफळात दोन-तीन टक्क्यांचीच चूक येते, म्हणून ती लक्षात येत नाही. परंतु आयसोथर्म (दाबासमोर अधिशोषित वायूचा आलेख) ०.९४ च्या सुमारास भिंतीसारखा उभा राहतो, मोठ्या रंध्रांचा भाग नाहीसा होतो आणि एकूण रंध्र-आकारमान निरर्थक ठरते. उघड्या भांड्यात बराच वेळ राहिलेल्या द्रव नायट्रोजनमध्ये हवेतला ऑक्सिजन विरघळतो, त्याचे तापमान थोडे चढते आणि संतृप्त दाब वाढतो. त्यामुळे तो प्रत्यक्ष मोजणे हाच मार्ग आहे. अधिशोषण आणि निर्गमन यांच्या रेषा कमी दाबालाही मिटत नसतील, तर गळती, समतोलासाठी दिलेला अपुरा वेळ किंवा घसरलेली द्रव नायट्रोजनची पातळी यांपैकी एक कारण बहुधा असते. इथे यंत्राची पाळी येते, आणि प्रमाणित अॅल्युमिनाचा एक प्रयोग लावला की निकाल लागतो.

जाता जाता एक सूचना: निर्गमन शाखेवरून काढलेल्या रंध्रवितरणात ३.८ नॅनोमीटरला टोकदार शिखर दिसले, तर आनंद मानू नये. नायट्रोजनचा द्रव ०.४२ च्या आसपासच्या सापेक्ष दाबाला अस्थिर होऊन एकदम बाहेर पडतो, त्याची ती खूण आहे. अधिशोषण शाखेवर तेच शिखर नसेल, तर तशी रंध्रे नाहीत.

सक्रिय पृष्ठफळ हवे असेल तर

धातूचे पृष्ठफळ हवे असल्यास रासायनिक अधिशोषणाचाच मार्ग आहे. वरच्या १ टक्का प्लॅटिनमच्या उदाहरणात दर ग्रॅमला ५१ मायक्रोमोल धातू असतो आणि ३ नॅनोमीटरच्या कणांत त्यातले ३७ टक्के अणू पृष्ठभागावर असतात, म्हणून कार्बन मोनॉक्साइड १९ मायक्रोमोलच्या आसपास बसायला हवा. मात्र हे गणित एका अणूवर एक रेणू या गृहीतकावर उभे आहे. पॅलॅडियमवर कार्बन मोनॉक्साइड दोन अणूंवर पूल बांधूनही बसतो. पॅलॅडियमसाठी हायड्रोजन वापरला, तर खोलीच्या तापमानाला सुमारे १०-२० टॉरच्या पुढे धातूच्या आतच हायड्राइड तयार होते आणि पृष्ठफळ फुगते. सेरियावर कार्बन मोनॉक्साइड कार्बोनेटच्या रूपात बसतो आणि हायड्रोजन धातूवरून आधारद्रव्यावर सांडतो, त्यामुळे तिथे दोन्ही वायू जास्तीचा आकडा देतात. धातूविना सेरियाचा कोरा प्रयोग करून तो वजा केल्याखेरीज निकाल मांडू नये, आणि सांडणारा हायड्रोजन त्या वजाबाकीनेही सुटत नाही. टायटॅनियावर याच्या उलट घडते. टॉस्टर, फंग आणि गार्टन यांनी १९७८ साली दाखवले की ५०० °से.ला क्षपण केल्यावर टायटॅनियावरचे प्लॅटिनम गटातले धातू हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ घेतच नाहीत, जरी कण वाढलेले नसतात. तेव्हा कमी आलेल्या आकड्यावरून लगेच कणवाढ घोषित करू नये. क्षपणाचे तापमान आधी पाहावे.

वापरलेल्या उत्प्रेरकाच्या बाबतीत दोन्ही मोजमापे शेजारी ठेवली, तरच अर्थ लागतो. समजा, आपल्या प्लॅटिनम-अॅल्युमिनाचे पृष्ठफळ वापरानंतर १९८ वरून १४० वर आले आणि कोक (साचलेला कार्बनी थर) जाळल्यावर पुन्हा १९५ झाले. अॅल्युमिना शाबूत आहे, एवढेच त्यातून कळते. कार्बन मोनॉक्साइडही १९ मायक्रोमोलवर परतला, तर नुकसान कोकचेच होते. तो ६ वरच राहिला, तर विखुरण, म्हणजे पृष्ठभागावरच्या अणूंचा वाटा, १२ टक्क्यांच्या आसपास उतरले आहे आणि कण साडेनऊ-दहा नॅनोमीटरचे झाले असावेत किंवा गंधकासारखे विष पृष्ठभागावर बसले असावे. दोहोंमधला निवाडा एक्सआरडी किंवा टीईएमने करावा लागतो. तांब्याच्या के-अल्फा किरणांनी एक्सआरडी करताना प्लॅटिनमची ३९.८, ४६.२ आणि ६७.५ अंशांवरची शिखरे गॅमा अॅल्युमिनाच्या शिखरांवरच पडतात, म्हणून तिथे धातू शोधण्यात वेळ घालवू नये. ८१.३ अंशांचे शिखर मोकळे असते. त्या भागात सावकाश मोजणी लावावी, आणि १ टक्का धातूला तेही उमटले नाही, तर नमुना टीईएमकडे द्यावा.